जाड कागद आणि घरचा छापखाना

मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणारे बहुधा ग्रंथांचा इतिहास लिहितात. पहिले पुस्तक कोणते, त्याचे टाइप कोणी पाडले, कोणत्या वृत्तपत्राने सरकारची झोप उडविली, हे सारे त्यांत येते. आणि ते यावयासच हवे. परंतु छापखानेवाल्याच्या घरची चूल ज्यावर पेटत असे, ते काम त्या इतिहासात क्वचितच भेटते. लग्नाच्या व मुंजीच्या पत्रिका, भेटीची कार्डे, दुकानदारांची लेबले, देवादिकांच्या तसबिरी, पंचांगांची वेष्टणे, यांस छापखान्यात ‘किरकोळ काम’ म्हणण्याचा प्रघात आहे. ग्रंथाचे पैसे वर्षाने आले तर आले. किरकोळ कामाचे पैसे गिऱ्हाईक माल नेतानाच मोजून देते. या किरकोळ कामाचा बराच भाग जाड कागदावर होतो, आणि जाड कागदाचा स्वभाव पुस्तकी कागदाहून अगदी निराळा. पुस्तकाचा कागद यंत्र वळवील तसा वळतो. हा वळत नाही. वळविला तर पुन्हा सरळ होऊ पाहतो, आणि त्या हट्टात शाई फासून घेतो किंवा यंत्रात अडकतो.

या न वळणाऱ्या कागदाने आमच्या प्रांतातील छापणाऱ्यांस वेळोवेळी यंत्र बदलावयास लावले आहे. कोणास त्याने वर आणले, कोणास कर्जात घातले. ती हकीकत येथे सांगावयाची आहे. छापण्याचे यंत्र आज टेबलाच्या कोपऱ्यावर मावते आणि ‘कोणते घ्यावे?’ हा प्रश्न लहान गावांतूनही विचारला जातो. त्यामुळे ही हकीकत केवळ जुनी म्हणून बाजूस ठेवता येण्यासारखी नाही.

आरंभ मिरजेपासून करावा हे बरे. नाना फडणविसांनी पुण्यातील इंग्रज वकील मॅलेट याच्या साह्याने एका तांबटास तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची कला शिकविली. भगवद्गीता छापावी असा हेतू होता. १८०० साली नाना वारले आणि ते काम पुण्यात राहून गेले. पुढे तो कारागीर मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयास गेला व तेथे १८०५ साली ताम्रपटांवरून गीता छापून निघाली. या रीतीत अक्षर पत्र्यात खोल कोरलेले असते आणि शाई त्या खोलीत बसते. ती वर ओढून काढावयाची तर कागद ओलसर, मऊ आणि अंगाने भरदार हवा, व त्यावर रुळाचा दाब जबर हवा. म्हणजे येथे जाड कागद ही अडचण नव्हती, ती गरजच होती. परंतु पानामागे एक पत्रा कोरणे हे राजेरजवाड्यांसच परवडावयाचे. वाड्यात झालेले हे मुद्रण वाड्यातच राहिले. त्यातून कोणाचा धंदा उभा राहिला नाही.

धंदा उभा केला तो गणपत कृष्णाजी पाटील यांनी, आणि त्यांच्याविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहो. हे भंडारी जातीचे मुंबईतील गृहस्थ. अमेरिकन मिशनचा छापखाना त्यांनी पाहिला, त्यातील शिळायंत्र पाहिले, आणि आपल्या घरी तसे एक करावे असे त्यांच्या मनाने घेतले. विलायतेहून यंत्र मागविण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. त्यांनी लाकडाचे यंत्र स्वतः बनविले, लहानसहान दगड मिळवून त्यांवर प्रयोग केले, शाई स्वतः घोटली. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात या उद्योगाची हकीकत आदराने नमूद केली आहे. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी शके १७५३ चे पंचांग शिळाछापावर काढले. मराठीतील छापील पंचांगांची परंपरा तेथून सुरू होते.

शिळायंत्रच का, आणि पंचांगच का, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. पंचांगाचे पान म्हणजे रेघांचे चौक, त्यांत आकडे, आकड्यांशेजारी एकाक्षरी संकेत. हे खिळ्यांनी जुळवावयाचे तर आकड्यांचे खिळे शेकड्यांनी लागतात, रेघांच्या पट्ट्या लागतात, आणि जुळाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. दगडाच्या रीतीत असे काही नाही. तेलकट शाईने चांगल्या हस्ताक्षराच्या कारकुनाने लिहावे, ते दगडावर उतरवावे, दगड पाण्याने भिजवावा. लिहिल्या जागी पाणी धरत नाही आणि शाई धरते, कोऱ्या जागी पाणी धरते आणि शाई सरकून जाते. बव्हेरियातील झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली. आमच्याकडे बोरूने वळणदार लिहिणाऱ्या कारकुनांची वाण कधीच नव्हती; वाण होती ती खिळ्यांची. हाताशी असलेल्या गुणास आणि हाती घेतलेल्या कामास शोभेल असे यंत्र गणपत कृष्णाजींनी निवडले, आणि ते विकत मिळेना तेव्हा सुतारकाम करून केले.

कागदाचीही सोय होती. पोथीचे सुटे, आडवे, भरदार पान आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. जुन्नरचा व दौलताबादेचा हातकागद पेशवाईत दफ्तरोदफ्तरी वापरात होता. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करणाऱ्यांची वस्तीच होती. शिळायंत्रात दगड सपाट, कागद सपाट, वरून दाबणारी पट्टी सरळ सरकत जाते. पान कोठेही वळत नाही. पोथीचे जाड पान या यंत्रास मानवले यात नवल नाही.

शाईच्या संबंधाने एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. छापण्याच्या शाईत चरबी असते, म्हणून कर्मठ मंडळी छापील पोथीस शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. यात आम्हांस धर्मापेक्षा व्यवहार अधिक दिसतो. पंचांग घरोघर देवघराशेजारी टांगले जावयाचे. गिऱ्हाइकाला शाईची शंका आली की माल पडून राहावयाचा. पुढे त्यांनी लोखंडी यंत्र घेतले, आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत स्वतः साचे करून देवनागरी खिळेही पाडले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी एक काम, त्या कामापुरते यंत्र, त्या कामाच्या पैशावर दुसरे यंत्र. आमच्या मुद्रणाच्या इतिहासात ज्यांचे घर या उद्योगावर वर आले त्यांचा क्रम बहुधा असाच दिसतो. जावजी दादाजी यांनी १८६४ साली आधी टाइपांचा कारखाना काढला व पाच वर्षांनी ‘निर्णयसागर’ उघडला, तेही याच वळणाचे.

उलट क्रमाचे मोठे उदाहरण म्हणजे राजा रविवर्मा यांचा छापखाना. पुण्यास १८७८ साली चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेल्या चित्रशाळेने रंगीत चित्रे घरोघर नेण्याचा मार्ग दाखविलाच होता. तिचे रामपंचायतन आमच्या लहानपणी पुष्कळांच्या माजघरांत होते. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस गिरगावात जो छापखाना काढला त्याची भूक मात्र फार मोठी होती. यंत्रे जर्मन, कारागीर जर्मन. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगास निराळा दगड लागतो. चित्रात दहा रंग असले तर तोच कागद दहा वेळा यंत्राखाली जावयाचा, आणि दहाही वेळा तिळमात्र न हलता त्याच जागी बसावयाचा. पातळ कागद प्रत्येक खेपेस ओल पिऊन किंचित ताणतो. शकुंतलेच्या ओठांचा रंग गालावर जातो. म्हणून कागद जाड हवा, चांगला सुकविलेला हवा. पावसाळ्यातील मुंबईची हवा या कामास किती अनुकूल असेल, ते वाचकांनीच ठरवावे. त्यात १८९६ पासून प्लेग सुरू झाला आणि कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलवावा लागला. चित्रांस मागणी अफाट होती, तरी खर्च व कर्ज यांचा मेळ बसेना. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकून टाकला. श्लायशरच्या हाती तोच कारखाना पुढे चालला. १९७२ साली आगीत त्याची राखरांगोळी झाली.

चित्रकाराने छापखान्यात पडू नये असा याचा अर्थ काढणारे आहेत. आम्हांस तो पटत नाही. चित्रांचे गुण जितके होते तितकेच होते. मालक बदलल्याने ती अधिक सुंदर झाली नाहीत. यंत्र रोज पोटभर चालले तरच परवडावयाचे, एवढे मोठे ते होते, आणि तेवढा दाणा जमविणे हा सर्वस्वी निराळा धंदा होता. श्लायशर तो धंदा जाणत होता.

त्याच मळवली-लोणावळ्याच्या परिसरात त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुद्रणाचे काम केले. पुराणवस्तू खात्यातील नोकरी सोडून त्यांनी ठशांचा व छपाईचा उद्योग आरंभिला आणि रविवर्मा छापखान्यासाठीही काम केले. पुढे भांडवलदार भागीदारांसह दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ निघाले. रंगीत छपाईची यंत्रे निवडण्यासाठी १९०९ साली फाळके जर्मनीस गेले. यंत्रे आली, काम उत्तम निघू लागले, नाव झाले, आणि भागीदारांशी बेबनाव होऊन फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. यंत्र निवडणारा एक आणि त्याचे पैसे भरणारा दुसरा अशी विभागणी झाली की यंत्र कोणाचे, हा वाद आज ना उद्या उभा राहतोच.

त्यानंतरची निवड पाहण्याजोगी आहे. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके विलायतेस गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे एक लहान यंत्र घेऊन आले. कोरी फिल्म भोके न पाडलेली येत असे. ती भोके दादरच्या घरी, अंधारात, सरस्वतीबाई फाळके पाडीत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हे मुद्रण नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण घराच्या खोलीत मावेल, घरच्या माणसांस चालविता येईल आणि हाती घेतलेल्या कामास नेमके लागेल एवढेच यंत्र आणण्याची अक्कल त्यांस छापखान्याने शिकविली असे म्हणावयास हरकत नसावी.

आता ज्या यंत्राने जाड कागदाचे काम खऱ्या अर्थाने गावोगाव नेले त्याकडे वळू. ते म्हणजे ट्रेडल. छापखान्यांतून उभ्याने पाय मारीत चालविण्याचे हे यंत्र पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनी नक्कीच पाहिले असेल. न पाहिले तरी त्याचा खटखट आवाज ऐकला असेल. अमेरिकेत जॉर्ज गॉर्डन नावाच्या मुद्रकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे घडविले. गृहस्थ मोठा भाविक; बेंजामिन फ्रँकलिनने स्वप्नात येऊन आपणांस हे यंत्र दाखविले असे तो सांगे, आणि यंत्रास त्याने नावही फ्रँकलिनचेच दिले. त्याच्या एकस्वाची मुदत संपल्यावर इतर कारखान्यांनी, विशेषतः क्लीव्हलंडच्या चँडलर आणि प्राइस यांनी, त्याच धर्तीची यंत्रे जगभर पसरविली.

ट्रेडलची रचना शिंपल्यासारखी. एका शिंपेवर खिळ्यांचा फर्मा घट्ट बसविलेला, दुसरीवर कागद. वरच्या गोल थाळीवरून शाई घेऊन रूळ फर्म्यावरून फिरतात, शिंपा मिटतो, ठसा उमटतो, शिंपा उघडतो; तेवढ्या क्षणात उजव्या हाताने कोरे कार्ड ठेवावयाचे आणि डाव्याने छापलेले उचलावयाचे. हात जरा चुकला तर बोटे गेलीच. जुन्या छापखान्यांत असा एखादा माणूस हमखास दिसे. मोठ्या सिलिंडर यंत्रात कागद गोल पिंपाभोवती गुंडाळून जातो. तेथे पातळ कागद वाऱ्यासारखा धावतो, पण कार्ड पिंपाभोवती गुंडाळले की त्याची शेपूट उसळते. ट्रेडलमध्ये कार्ड सपाट ठेवले जाते, सपाट दाबले जाते, सपाट निघते. कागद बदलून कार्ड घ्यावयाचे तर पाठीमागच्या अस्तरातले दोन-चार कागद कमी केले की दाब जमला. पट्टीचा माणूस ताशी हजार नग काढी. जुन्या हातयंत्रावर दोन माणसांनी मिळून तासाला अडीचशे निघणे मुश्कील.

यंत्राचे हे गुण आणि लग्नपत्रिकेचे रूप यांचे चांगले जमले. पूर्वी लग्नाचे बोलावणे अक्षतांनी होत असे. दूरच्यांस हाताने लिहिलेली कुंकुमपत्रिका जाई. ट्रेडल तालुक्याच्या गावी आले आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हा मजकूर छापखान्यात कायमचा जुळवून ठेवलेला असू लागला. नावे, तिथी आणि मुहूर्त तेवढा बदलावयाचा. त्याच वेळी पत्रिकेतील नावांची संख्या वाढू लागली. मराठवाड्यातील आजच्या पत्रिका पाहाव्यात: विनीत, निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक, आणि खाली मामाच्या लग्नाला बोलावणारी चिमण्या बाळांची किलबिल. एक नाव गाळले तर भावकी तुटावयाची. साहित्यदृष्ट्या या वाङ्मयाचे कोणी कौतुक करणार नाही, पण सबंध गावाची वंशावळ आणि राजकारण एका कार्डावर उतरविणारा दुसरा दस्तऐवज आम्हांस ठाऊक नाही.

जाड कागदाचे सारेच काम यंत्राकडे गेले असे मात्र नाही. सावंतवाडीचा गंजिफा यंत्राकडे गेला नाही. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांस चिकटवून गोल पत्ते करावयाचे, ते हाताने रंगवावयाचे, वर लाखेचा लेप द्यावयाचा. दशावतारी डावास असे १२० पत्ते लागतात. छापील चौकोनी पत्ते स्वस्त झाल्यावर ही कला मरणाच्या दारी पोहोचली होती. शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभे केले.

निजामाच्या राज्यात, म्हणजे आजच्या मराठवाड्यात, एक निराळीच परिस्थिती होती. दरबारची भाषा उर्दू. तिची नस्तालिक लिपी खिळ्यांत बसविणे फार कठीण, म्हणून शिळाछाप उर्दूच्या आश्रयाने खूप उशिरापर्यंत जगला. मराठी लोकांस खिळ्यांच्या छापखान्यासाठी पुण्या-मुंबईकडे किंवा गोदावरीपलीकडे नगर जिल्ह्याकडे पाहावे लागे. त्याच नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून, मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक चालविले. १९१० साली सुरू झालेले हे पत्र १९६७ पर्यंत टिकले. रेल्वे नाही, वीज नाही, अशा ठिकाणी घरचा छापखाना ठेवून माणूस अर्धशतक काय करू शकतो याचे ते उदाहरण. त्या कामाची मागणी मात्र कार्डाच्या कामाच्या उलट होती: कागद पातळ, ताव मोठा, मजकूर दर आठवड्यास नवा. पत्रिकेच्या कामात कागद जाड, नग लहान, मजकूर बहुतांशी तोच. ही दोन कामे एकाच यंत्रावर चांगली होत नाहीत, हे ज्यास कळले त्याने अर्धा छापखाना जिंकला.

अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ अंकुशनगर म्हणून वसाहत आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ती वाढली, आणि अंकुशराव टोपे यांचे नाव तिने धारण केले आहे. उसाचा हंगाम, त्याच्या मागोमाग लग्नसराई, असे तेथील वर्षाचे चक्र. तेथील एका कुटुंबाने आम्हांस नुकतेच विचारले की, पत्रिका, बारशाची कार्डे, दुकानांची भेटकार्डे घरीच छापावयाची आहेत, पुष्कळ छापावयाची आहेत, तर प्रिंटर कोणता घ्यावा? घरातील सून संगणकावर मजकूर उत्तम जुळविते. उसाच्या पैशातून एवढी एक रक्कम बाजूस काढली आहे. ती बुडाली तर पुन्हा दोन हंगाम काही करता येणार नाही. इतिहासाच्या अध्यापकास हा प्रश्न विचारणे चमत्कारिक वाटेल. पण वरील हकीकत ज्यास ठाऊक आहे त्याने याचे उत्तर देण्यास कचरू नये.

पहिली गोष्ट कागदाच्या वाटेची. रोजच्या वापराच्या कागदाचे वजन चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम असते. पत्रिकेच्या कार्डाचे २०० ते ३००. घरगुती प्रिंटरांपैकी बरेचसे कागद पुढच्या खालच्या कप्प्यातून उचलतात, आत वर्तुळात फिरवितात आणि पुन्हा पुढूनच बाहेर टाकतात. ही सिलिंडर यंत्राची वाट झाली. कार्ड तेथे उसळणारच. ज्यात कागद पाठीमागून उभा घालता येतो आणि जवळजवळ सरळ खाली उतरून पुढे निघतो ते यंत्र ट्रेडलच्या जातीचे. छायाचित्रांसाठी केलेल्या काही शाईफवारा यंत्रांत अशा वाटेने ३०० ग्रॅमपर्यंतचा कागद जातो. दुकानदारास कागदाचा कमाल भार विचारावा, आणि त्या भाराचा कागद कोणत्या तोंडातून जातो हेही विचारावे. कारण आकडा पाठीमागच्या तोंडाचा असतो आणि गिऱ्हाईक पुढच्या कप्प्यात कार्ड भरते.

दुसरी गोष्ट शाई आणि कागदाचे पृष्ठ यांची. बोरूसाठी घोटलेला कागद निराळा, दगडाच्या शाईचा निराळा. तसेच आजही आहे. फवाऱ्याची शाई पाण्याची असते, ती कागदात मुरावी लागते. बाजारात मिळणारे चकचकीत आर्ट कार्ड मोठ्या यंत्राच्या तेलकट शाईसाठी लेपलेले असते. त्यावर फवाऱ्याची शाई तशीच तरंगत राहते आणि बोट लागताच पुसते. फवाऱ्यासाठी मुद्दाम लेप दिलेले किंवा अगदी बिनलेपाचे कार्ड घ्यावे. लेसर यंत्रात शाई नसते, भुकटी असते. ती २०० अंशांच्या आसपास तापलेल्या रुळाखाली वितळून कागदास चिकटते. जाड कार्ड ती उष्णता पिऊन टाकते, भुकटी कच्ची राहते आणि घडीवर तडकते. पुष्कळ घरगुती लेसर यंत्रांची मर्यादा म्हणूनच १६० ग्रॅमच्या आसपास थांबते. सोनेरी वर्खाची व उठावाची तयार कार्डे घाऊक बाजारातून आणून त्यांवर फक्त मजकूर छापण्याचा विचार असेल, तर तापत्या रुळाखाली तो वर्ख घालू नये.

आता संख्येची गोष्ट. यात घरोघर फसगत होते. एका लग्नास हजार पत्रिका धरू. एका तावावर दोन बसल्या तर पाचशे ताव, दोन्ही अंगे छापावयाची म्हणजे हजार फेऱ्या. चांगल्या प्रतीच्या रंगीत छपाईस, जाड कार्डावर, फेरीस एक मिनिट धरले तरी सोळा तास चाळीस मिनिटे होतात. त्यात एक-एक कार्ड हाताने घालणे आले, वीज जाणे आले. तेच काम ट्रेडलवर एका रंगात अडीच-तीन तासांचे, आणि आजच्या ऑफसेट यंत्रावर काही मिनिटांचे. लग्नसराईत एका दिवशी तीन गिऱ्हाइके आली तर घरचे यंत्र रात्रंदिवस खणखणत राहील आणि त्याचे डोके लवकर झिजेल. यंत्राच्या पुस्तिकेत महिन्याची जी कमाल संख्या दिलेली असते ती एकदा गाठता येण्याची असते. रोज गाठण्याची नसते. शाई साफ करताना वाया जाते ती आत एका शोषक गादीत साचते, आणि गादी भरली की यंत्र संप करते; ती बदलून मिळण्याची सोय जालन्यास आहे की थेट छत्रपती संभाजीनगरास जावे लागते, हे यंत्र घेण्यापूर्वी विचारून ठेवावे.

म्हणून आम्ही त्या कुटुंबास जे कळविले ते असे. एकच मजकूर हजारांनी छापण्याचे काम घेऊ नये असे नाही. ते घ्यावे, घरी जुळवावे, नमुना घरी काढून गिऱ्हाइकास दाखवावा आणि छपाई शहरातील ऑफसेटवर करून आणावी. घरच्या यंत्राने करावयाचे काम ते, जे मोठा छापखाना करीत नाही: पन्नास बारशाची कार्डे, ऐन वेळी वाढलेली शंभर आमंत्रणे, प्रत्येकावर पाहुण्याचे नाव निराळे छापलेली पत्रिका. हे शेवटचे काम गणपत कृष्णाजींस किंवा ट्रेडलवाल्यास करता येण्याजोगे नव्हते. प्रत्येक नावास फर्मा सोडून पुन्हा बांधावा लागला असता. या यंत्राचा खरा नवा गुण एवढाच आहे, आणि पैसे त्याचेच घ्यावेत. त्यासाठी पाठीमागून सरळ वाटेने कार्ड घेणारे, बाटलीने शाई भरता येणारे, रंगद्रव्याची म्हणजे पाण्याने न फुटणारी शाई वापरणारे मध्यम किमतीचे एक यंत्र पुरे. उन्हाळ्यात मराठवाड्याची हवा फार कोरडी. यंत्र पंधरा दिवस बंद राहिले की शाईची छिद्रे बुजतात. काम नसले तरी दर दोन-तीन दिवसांनी एक रंगीत पान काढावे. पावसाळ्यात उलट कार्ड ओल धरते आणि कडा वर उचलते. गठ्ठा वेष्टणातच ठेवावा आणि लागेल तेवढाच फोडावा. कर्ज काढून दोन यंत्रे एकदम घेण्याचा त्यांचा मूळ बेत होता, तो आम्ही मोडला.

एक बारीक गोष्ट त्यांनी विचारली नव्हती, ती आम्ही होऊन लिहिली. कार्डास लाकडाप्रमाणे रेषा असते. तंतू ज्या दिशेने पडलेले असतील त्या दिशेने घडी स्वच्छ पडते. आडवी घातली तर पाठ फुटते आणि छापलेला रंग उडून पांढरी रेघ दिसते. कार्डाचे दोन लहान तुकडे दोन दिशांनी वाकवून पाहावे. जिकडे सहज वाकेल तिकडे रेषा आहे, आणि घडी तिच्याच दिशेने येईल असा मजकूर मांडावा. घडीच्या जागी आधी दाबरेघ पाडून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी खिळ्यांची छपाई बंद पडली तरी जुनी ट्रेडले अजून मोडीत गेलेली नाहीत. त्यांच्या फर्म्यात खिळ्यांऐवजी पोलादी पाते बसवून दाबरेघा पाडण्याचे व कार्डे आकारात कापण्याचे काम होते. जवळच्या तालुक्याच्या गावी असे एखादे उभे असेल तर त्या माणसाशी आधी दर ठरवून ठेवावा, आणि पहिल्या खेपेस दहाच कार्डे घेऊन जावे.